महाराजांनी तासलेला ओंडका

“चार माणसं कामाला ठेवा, चार महिन्यांत त्यांना सुतारकी शिकवा, आणि शिकवताना एकही लाकूड नासू देऊ नका! ज्याच्या हातून लाकूड नासेल, त्याच्या दाराला अडसर घालू!”

राजाचं हे फर्मान गावोगाव पोहोचलं आणि सुतारांनी कपाळाला हात लावला.

राजाचा हेतू वाईट नव्हता. राज्यात गाड्या मोडून पडल्या होत्या, नांगर अडले होते. गावात सुतार एकच, तोही म्हातारा. म्हणून राजाने शिकाऊ माणसांना रोजचं धान्य आणि सरकारी रानातला साग देऊ केला. पण राजा पडला हट्टी, आणि सागावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. त्यात दिवाणजींनी कान भरले, आणि फर्मानाला अडसराचं हे शेपूट लागलं.

बाकीच्या सुतारांनी शहाणपणा केला. शिकाऊंच्या हाती झाडू दिला आणि चार महिने भुसा लोटून घेतला. लाकूड नासलं नाही. कुणाला काही आलंही नाही.

आंबेखोरीच्या तानूबाईला ही चैन परवडणारी नव्हती. तिचा नवरा केरबा सुतार छपरावरून पडला आणि त्याचा उजवा हात कायमचा गेला. पेरणी तोंडावर येणार, सात गावांचे नांगर दारात. काम सांगणारं तोंड होतं, करणारे हात नव्हते. दाराला अडसर पडला तर चूलच बंद! तिने देवाचं नाव घेऊन चौघे ठेवले. त्यातला भुजंगा हा हरलेला पैलवान. रंधा असा दाबायचा, जणू समोरच्याला चीतच करायचाय!

पहिल्याच दिवशी त्याने नांगराचं इसाड, म्हणजे नांगरापासून बैलांपर्यंत जाणारा लांब दांडा, मधोमध तोडलं.

“मेलो!” केरबा ओरडला. “पडला अडसर!”

“गप बसा! लाकूड मेलं नाही, आखूड झालंय. हाताने तुम्हीही आखूड झालात. मी टाकलं का तुम्हाला?”

केरबाने डाव्या हाताने तुटका दांडा उचलून भुजंगापुढे ठेवला.

चार महिने भरले. राजा स्वतः आला. मागे दिवाणजी, नाक आभाळात. अंगणात नवे नांगर ओळीने उभे, गाडीची चाकं भिंतीला टेकलेली. राजाने एका चाकावर थाप मारली. चाक हललंसुद्धा नाही.

दिवाणजी मात्र कोपरे हुंगत होते. त्यांनी एक लाटणं उचललं.

“महाराज, हा तर इसाडाचा साग! नासला!”

“नासला कसा?” तानूबाई म्हणाली. “इसाड तुटलं, त्याचं नांगराला रुमणं केलं, धरायची मूठ. तिला भोक वाकडं पडलं, म्हणून खाटेचा पाय केला. पाय आखूड भरला, म्हणून लाटणं केलं. पोळी गोल येते, दिवाणजी. घरी विचारा!”

“आणि हा एवढासा तुकडा?”

“पाचर. मघाशी ओढ्यात पालखीचा दांडा करकरला, तेव्हा भोयांनी अशीच एक माझ्याकडून नेली. ती नसती तर तुम्ही आता कपडे वाळवत बसला असता.”

“भुसा तरी वाया गेला ना?”

“गोठ्यात त्याचा धूर करते. डासांची काही तक्रार आलीय का तुमच्याकडे?”

शिपाई खाली माना घालून खुदखुदले. राजाने मिशीला पीळ दिला. हरणं त्याच्या घराण्यात नव्हतं.

“काहीच नासत नाही म्हणजे काम सोपं आहे! मग चार महिने धान्य कशाला? पुढच्यांना चार दिवस पुरेत!”

तानूबाईने लाकूड तासायचा वाकस उचलून पुढे केला.

“चार दिवस कशाला, महाराज? चार घाव पुरेत! घ्या हा वाकस, आणि या ओंडक्याची एक बाजू तेवढी सपाट तासा. पाय मात्र मागे घ्या. वाकसाला राजा कळत नाही!”

राजाने बाह्या सारल्या. पहिला घाव घसरला. दुसऱ्याने कोपरा उडाला आणि दिवाणजींची पगडी घेऊन गेला. तिसरा गाठीत रुतला, तो भुजंगाने उपसून दिला. चौथ्याला ओंडका उभा फाटला. उरलं ते ना चौकोनी, ना गोल!

“वाहवा!” दिवाणजी पगडी झटकत म्हणाले. “काय सुरेख!”

“सुरेख काय?” तानूबाईने विचारलं. “नाव सांगा की.”

दिवाणजी पुन्हा पगडी झटकू लागले.

राजा घाम पुसत म्हणाला, “बाई, तू सांग. खरं सांग. हे काय झालं?”

“लोढणं, महाराज! पळपुट्या गुराच्या गळ्यात अडकवायचं. त्याला आकार लागत नाही, वजन लागतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं लोढणंच होतं. भुजंगाची तर सात झाली!”

“आणि मी म्हटलं, की हे नासलं, तर?”

तानूबाईने हात जोडले.

“तर फर्मान तुमचंच आहे. ज्याच्या हातून नासलं, त्याच्या दाराला अडसर! पण राजवाड्याचं दार केवढं मोठं, महाराज! तेवढा अडसर तासायचा म्हणजे मला आणखी दोन शिकाऊ लागतील!”

मग राजा असा हसला, की बांधलेले बैल उठून उभे राहिले!

“अट रद्द! दोन नव्हे, सहा शिकाऊ दिले! वर्षभराचं धान्य दिलं! आणि त्या झाडूवाल्या सुतारांना सांगा, आधी तानूबाईकडे येऊन शिकवायचं कसं ते शिका!”

पालखीत बसता बसता तो थांबला.

“दिवाणजी, ते लोढणं उचला. सरकारी साग आहे. वाटेत टाकू नका!”

दिवाणजींनी ते खांद्यावर घेतलं. राजवाडा तीन कोस होता.