गाडीची जागा

एकदा एका कलमवाल्याने एका गाडीची वाट पाहायचे ठरवले, आणि ती वाट त्याने इतकी मन लावून पाहिली की अखेरीस गाडी नसतानाच ती त्याच्या घरी राहायला आली. गोष्ट फार जुनी नाही.

दिगंबर त्याचे नाव. घाटाखाली, समुद्रापासून थोडे आत त्याची रोपवाटिका होती. आंब्याची, काजूची कलमे बांधायची, पिशव्यांत वाढवायची आणि विकायची, हा वडिलांपासूनचा धंदा. त्याला कलम बांधायला शिकवले ते गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांना सगळे तात्या म्हणत. वडिलांचेही गुरू तेच. आता ते पार थकले होते, क्वचित घराबाहेर पडत, पण काही अडले की दिगंबर त्यांच्या अंगणात जाऊन बसे. शिष्य म्हणून तो वाईट नव्हता. उत्तम वस्तूची त्याला अचूक पारख होती, आणि त्याचा दोष म्हणाल तर तोच होता.

त्याच्या दारात पूर्वी पायरी जातीचा एक मोठा आंबा होता. धाकटी बहीण कुमुद त्या आंब्याखाली खेळून मोठी झाली आणि लग्न होऊन घाटावर गेली, अशा माळावर, जिथे दारात सावलीला झुडूपदेखील नाही. वडिलांनी शेवटच्या वर्षी थरथरत्या हातांनी त्या झाडाच्या काड्या काढल्या आणि लेकीसाठी कलमे बांधली. पुढे वडील गेले, आणि त्यामागून आलेल्या वादळात तो आंबाही मुळासकट कोसळला. त्या झाडाचे आता जे काही शिल्लक होते ते तेवढ्या पिशव्यांत होते. "कुमुदची कलमं तिला पोचव," असे वडील जाता जाता म्हणाले होते, आणि दिगंबरने त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटले होते.

पोचवायची कशी, हा प्रश्न होता. जुनी डिझेलची पिकअप घाटात बंद पडून परस्पर भंगारात गेली होती. शेजारच्या मासळीवाल्या उस्मानभाईंनी विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली होती आणि ती खुशाल घेऊन जा असे ते दोनदा सांगून गेले. पण भरलेली गाडी घाट चढताना बॅटरी पिऊन टाकणार, वर पोचल्यावर तासन् तास चार्जिंगला उभी राहणार, आणि तोवर वडिलांच्या हातची कलमे माळावरच्या कोरड्या वाऱ्यात होरपळणार, असे दिगंबरचे म्हणणे. दुसऱ्या कुणाच्या ट्रकमधून पाठवावीत तर हमाल पिशव्या कशा आपटतात हे त्याने पाहिले होते. हे सारे खरे होते. त्यात एक शब्द खोटा नव्हता, म्हणून तर कोणाला त्याची समजूत घालता येईना.

अशात वर्तमानपत्रात बातमी आली. एका कंपनीची विजेवरची नवी पिकअप येणार होती. लांब पल्ल्याची, एका चार्जिंगमध्ये घाट चढून परत उतरणारी, आणि चहा घेऊन होईस्तोवर पुन्हा चार्ज होणारी. पुढच्या वर्षी. दिगंबरने नाव नोंदवले, अंगणाच्या कडेला सिमेंटचा कोबा करून पत्र्याची शेड उभारली आणि भिंतीवर चार्जिंगची पेटी बसवून घेतली. पेटीवर एक हिरवा दिवा होता. तो अहोरात्र जळत राही.

पुढच्या वर्षी कंपनीने कळवले की गाडी त्याच्या पुढच्या वर्षी येईल. दिगंबरला वाईट वाटले, पण त्याच निरोपात पल्ला वाढवल्याचे आणि चार्जिंगचा वेळ आणखी घटवल्याचेही लिहिले होते, त्यामुळे ते वाईट वाटणे फार टिकले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तसेच झाले. न आलेली गाडी वर्षागणिक अधिक चांगली होत चालली होती. हे भाग्य आलेल्या गाडीच्या वाट्याला कधी येत नाही.

हळूहळू शेडमधल्या त्या रिकाम्या जागेला एक वजन आले. पहिल्यांदा ते दिगंबरच्या बायकोच्या, विनयाच्या लक्षात आले. कोब्याच्या मधून कोणी चालत नसे. पलीकडे विहिरीवर जायचे तर जो तो कडेकडेने, भिंतीलगत अंग चोरून जाई. ती स्वतःही तशीच जात होती, डोक्यावर घागर असली तरी. कोंबड्या दाणे टिपत शेडपर्यंत येत आणि काही आडवे आल्यागत वळसा घालून पुढे जात. एका टळटळीत दुपारी दिगंबर तिथे एकटाच उभा असलेला तिने पाहिला. त्याचा हात कमरेच्या उंचीवर हवेत टेकलेला होता, गाडीच्या बॉनेटवर ठेवावा तसा. एक पिल्लू पायांशी आले तेव्हा तो हलक्या आवाजात त्याला म्हणाला, "बाजूला हो, चाकाखाली जाशील." विनया आल्या पावली घरात गेली. तिच्या अंगावर काटा आला होता, आणि नवऱ्याला हे कसे विचारावे ते तिला कळेना.

तिकडे घाटावर कुमुद दर उन्हाळ्यात खड्डे खणून घेत होती. आंब्याचे खड्डे असेच आधी खणून उन्हात तापू द्यायचे असतात, मग पावसाच्या तोंडाला कलम लावायचे. कलमे येत नसत, खड्डे पावसाच्या गाळाने भरत, आणि ती पुन्हा खणून घेई. गावातल्या बाया तिला म्हणू लागल्या की घरासमोर असे माणसाच्या मापाचे खड्डे उघडे ठेवू नयेत, बरे नसते. या वैशाखात तिचा फोन आला तेव्हा ती नेहमीसारखे काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, खड्डे उघडे ठेवू की बुजवू?"

"आता ठेव," दिगंबर म्हणाला, "गाडी आलीच म्हणून समज."

मात्र तो फोन ठेवल्यावर त्याला स्वस्थ बसवेना. जागेलाच काही दोष असावा असे त्याच्या मनाने घेतले. तो तात्यांकडे गेला आणि एकदा येऊन शेडवर नजर टाका, पूजा सांगा, काय करायचे ते करा, म्हणून गळ घालून बसला.

तात्या भर दुपारी काठी टेकत आले. वारा पडला होता. ते शेडकडे न जाता आधी रोपवाटिकेत गेले आणि कुमुदच्या कलमांपाशी उभे राहिले. कलमे चांगली छातीभर उंच झाली होती, पाने काळपट हिरवी होती. या पिशव्या शेवटच्या कधी हलवल्या, असे त्यांनी विचारले. रोपवाटिकेत पिशव्यांच्या जागा अधूनमधून बदलाव्या लागतात, हे या धंद्यातले पोरही जाणते. दिगंबर म्हणाला, त्या हलवल्या नाहीत. आज ना उद्या गाडीत चढायच्याच आहेत, तर कशाला उगाच धक्का द्यायचा, म्हणून राहू दिल्या. तात्यांनी मान हलवली.

मग त्यांनी विनयाकडून चार लिंबे मागून घेतली. नवी गाडी पहिल्यांदा निघताना चारही चाकांखाली लिंबू ठेवतात आणि ते चिरडून गाडी पुढे जाते, हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. तात्यांनी रिकाम्या कोब्यावर चार ठिकाणी चार लिंबे ठेवली. ठेवताना तेही कडेकडेनेच चालले. मग शेडच्या बाहेर, फणसाच्या सावलीत दगडावर बसून ते म्हणाले, "गाडी आली आहे. कलमं भर."

दिगंबरला वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. त्याने विनयाकडे पाहिले. ती त्या चार लिंबांकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हते. गुरूंची आज्ञा मोडायची सवय नव्हती म्हणून तो मुकाट्याने गेला आणि कुमुदच्या पहिल्या पिशवीला त्याने दोन्ही हात घातले.

पिशवी उचलवेना. त्याने जोर केला तेव्हा जमिनीतून करकर असा आवाज आला, जाड कापड कोणी दूरवर सावकाश फाडत असावे तसा. पिशवीचा तळ खालीच राहिला. वर आलेल्या मातीत मुळे एकमेकांभोवती वेटोळी घालून बसली होती, आणि तळातून सुटलेली करंगळीएवढी जाड मुळे तुटून पांढरी दिसत होती. दुसरी पिशवी तशीच. तिसरीही. सगळी ओळ जमिनीला धरून बसली होती. वडिलांच्या बोटांनी जिथे काडी बांधली होती तिथला सांधा मात्र नीट जुळून आला होता.

एक कलम छातीशी धरून तो शेडपाशी आला आणि कोब्याच्या कडेला थबकला. पाऊल पुढे पडेना. त्याने मनाने पाय उचलला, पाय जागचा हलला नाही. तळव्यांखाली काहीतरी ओढ घेत होते, थंड आणि चिवट. भर उन्हात त्याला दरदरून घाम फुटला.

"ठेव ना," तात्या दगडावरून म्हणाले. "गाडीचा मागचा हौदा रिकामाच आहे."

त्याने खाली पाहिले. चारही लिंबे चपटी झाली होती आणि रस कोब्यावर पसरून फसफसत होता. कोणी आत गेलेले त्याने पाहिले नव्हते. विनया दारातच होती. तात्यांच्या अनवाणी पावलांवर रोपवाटिकेची तांबडी धूळ होती आणि ती कोरडी होती. ती लिंबे कशी फुटली हे पुढे कधीच कळले नाही, आणि दिगंबरने कधी विचारलेही नाही.

"गेली ती," तात्या म्हणाले. "दर वर्षी पावसाच्या तोंडाला ती इथून निघून जात होती, रिकामी. आज तुझ्यादेखत गेली, एवढंच. तुला वाटलं, तू थांबलास. अरे, पिशवीतल्या झाडाला थांबता येत नाही, हे मीच तुला शिकवलं ना? वर न्यायला कोणी आलं नाही तर ते खाली जातं. ठेवलं तिथलंच होऊन बसतं. कलमांचं तेच झालं आणि तुझंही तेच झालं. चांगल्या गाडीची वाट पाहू नको असं मी म्हणत नाही. जरूर पाहा. पण पिशव्या हलवत राहा, बाबा."

इतके बोलून त्यांनी आपली काठी पुढे केली. दिगंबरने ती धरली. म्हाताऱ्याच्या अंगात जोर तो किती असणार, पण त्यांनी ओढल्यासारखे केले आणि त्याचे पाऊल सुटले. तो कोब्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि मग खाली बसून लहान मुलासारखा रडला. विनया त्या दिवशी पहिल्यांदा शेडमधून सरळ चालत त्याच्याजवळ गेली.

उरलेला वैशाख आणि पुढचे काही दिवस तात्यांनी त्याला श्वास घेऊ दिला नाही. तुटकी मुळे कापायची, वेटोळी सोडवायची, पाने कमी करायची, नव्या पिशव्यांत दाट सावलीत जगवायची. काही कलमे गेली. दिगंबर रोज सकाळी त्यांतले एखादे मान टाकलेले पाही आणि ते त्याच्या जिवाला लागे. जी जगली ती त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून उस्मानभाईंच्या गाडीत भरली. गाडीला मासळीचा वास होता. घाटाच्या पायथ्याशी ती चार्जिंगला थांबली, वर पोचल्यावर पुन्हा थांबली. प्रत्येक वेळी तो कलमे उतरवून झाडाखाली ठेवी, पाणी शिंपडी आणि वाट पाही. वाट या वेळीही पाहावी लागलीच, पण हात चालू होते.

कुमुद दारात उभी होती. उशीर का झाला हे तिने विचारले नाही. तिने एका कलमाच्या सांध्यावरून बोट फिरवले आणि बराच वेळ ते तिथेच राहू दिले. खड्डे जास्त होते, कलमे कमी. संध्याकाळी हात धुताना ती म्हणाली, "दादा, बाकीचे उघडेच ठेवते."

लांब पल्ल्याची ती गाडी पुढे खरोखरच आली. तात्या तोवर राहिले नव्हते. मधल्या काळात कुमुदच्या आंब्यांना फांद्या फुटल्या होत्या आणि त्यांच्या काड्या आणून दिगंबरने तिच्या उरलेल्या खड्ड्यांसाठी नवी कलमे बांधली होती. गाडी उत्तम होती, कंपनीने सांगितले होते तशीच. चालकाने ती मागे घेत शेडमध्ये लावली, तेव्हा चारही चाके कोब्यावरच्या चार पांढुरक्या डागांवर नेमकी जाऊन उभी राहिली. लिंबाचा रस सिमेंट खातो, ते डाग कधी गेले नव्हते. कोंबड्या थोड्या घुटमळल्या आणि मग सरळ गाडीखालून पलीकडे गेल्या.

विनया आरतीचे ताट घेऊन आली. चाकांखाली ठेवायला लिंबे विसरलीच म्हणून ती परत वळत होती. दिगंबरने तिला थांबवले.

"हिची लिंबं केव्हाच फुटली आहेत," तो म्हणाला.

मग तो कुमुदच्या पिशव्या उचलायला गेला. एकही पिशवी अडकली नाही.