खैरमाळच्या तळ्यावरचं भुंकणं

फोटो मागाहून काढा. आधी हा धुण्याचा दगड बघा. चैत्री पुनवेला खैरमाळचा पाटील इथे शेवटच्या पायरीवर गुडघे टेकतो आणि कुत्र्यासारखा भुंकतो. बाहेरची माणसं हसतात. हसणाऱ्याला मी इथून हाकलून देतो, आधीच सांगून ठेवतो.

असं सांगतात, सात पिढ्यांमागे सगुणा परटीण याच दगडावर गावाचं धुणं धुवायची. तिची लेक ठकी सात-आठ वर्षांची, आणि पोरीला फेफरं यायचं. घरी भुऱ्या नावाचा कुत्रा होता. ठकी पडायच्या आधीच त्याला कळायचं म्हणे. परकर दातात धरून तो तिला पाण्यापासून मागे ओढायचा आणि ऊर फुटेस्तोवर भुंकायचा. सगुणा हातातलं टाकून धावायची, पोरीला कुशीवर वळवायची. अशी कितीदा तरी ठकी वाचली.

गावाने काय पाहिलं? कुत्रं भुंकतं आणि पोर पडते. म्हणजे कुत्रंच फेफरं आणतं! राऊजी पाटलाने चावडीवर बसून हा निवाडा दिला. खंडोबाच्या दारातल्या दगडी कुत्र्याला भंडारा वाहणारी हीच माणसं! अक्कल गहाण ठेवली की दुसरं काय होणार?

"पाटील, पाया पडते," सगुणा म्हणाली. "कुत्रं फेफरं आनत न्हाई वो, सांगतंय."

ऐकतो कोण? भुऱ्याला धोंडे घालून मारलं. चौथ्या दिवशी सगुणा धुणं आपटत होती आणि तिच्या पाठीमागे ठकी गुडघाभर पाण्यात पडली. कुणी भुंकलं नाही. आईने वळून पाहिलं तोवर सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तळ्यात बुडवलेली घागर कोरडीच वर येऊ लागली म्हणे. गाव तहानेने कासावीस झालं, तेव्हा पाटील सगुणाच्या दारी आला. पोरीच्या नावाने देऊळ बांधतो म्हणाला.

"देऊळ नगं," ती म्हणाली. "ज्या तोंडानं त्याला मारा म्हनलासा, त्याच तोंडानं भुंका. मी धुनं आपटती. माझ्या कानावर आलं तर हात थांबवीन."

पाटील पायरीवर बसला. लाजत लाजत हळूच भुंकला. सगुणा आपटतच राहिली. ओरडून ओरडून त्याच्या तोंडातून रक्त आलं, तेव्हा कुठे तिचा हात थांबला आणि घागर भरली.

आजही पुनवेला तसंच करतात. ज्या आईच्या लेकराला फेफरं येतं ती धुणं आपटते, आणि तिने हात थांबवेपर्यंत पाटलाने भुंकायचं. आता पाटील मी आहे, त्याच राऊजीच्या घरातला. यंदा दगडावर मनीषा होती. झेंडावंदनाला तिची मुलगी पडली, तेव्हा तिला कुशीवर वळवायचं सोडून नाकाला वहाण लावायला धावलो तो मीच. सकाळी भुंकायला लागलो. ऊन डोक्यावर आलं तरी मनीषाने हात थांबवला नाही. मीही तिला थांब म्हणालो नाही.