सरदारांचं तळं आणि कुंभारांची वाडी

फार फार मागे, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात रायाजी नावाचे सरदार राहत होते. उभा जन्म त्यांचा लढायांत गेला. केस पिकले तशी त्यांनी तलवार खुंटीला टांगली आणि मनातली एक जुनी हौस पुरवायला घेतली. त्यांना नावेत बसून पाण्यावर हिंडायची भारी आवड होती.

घरामागच्या ओढ्यावर त्यांनी मातीचा बांध घातला. मागे निळंशार तळं साठलं. तळ्यात रंगीत नावा आल्या, बदकं आली, पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली.

जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून बांधाच्या टोकाला सांडवा ठेवला होता. पण त्यातून पाणी जाताना पाहिलं की सरदारांना चुटपुट लागे. शेवटी त्यांनी सांडव्यात फळ्या ठोकल्या. तळं काठोकाठ भरलं. बांधाखाली, ओढ्याच्या काठी कुंभारांची वाडी होती. तिची आठवण कुणालाच झाली नाही.

एका दसऱ्याला दरबारातून निरोप आला, "उद्या महाराज आपल्या तळ्यावर नौकाविहाराला येत आहेत."

सरदारांना आभाळ ठेंगणं झालं. मांडवाची जागा ठरवायला ते पत्नी सगुणाबाई आणि कारभारी यांना घेऊन बांधाच्या पायथ्याशी गेले. तिथे गवतात त्यांचा पाय ओला झाला. थोडा पाझर तिथे नेहमीच असे, पण तो नितळ असे. आज धार गढूळ होती. सरदारांनी ओंजळीत पाणी धरलं. तळहातावर बारीक माती बसली.

कितीतरी गडांना त्यांनी खिंडारं पाडली होती. ही खूण त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बांध आतून पोखरला जात होता.

कारभारी हलक्या आवाजात म्हणाला, "वर हिरवळ अंथरू, सरदार. महाराज परतले की बघू. एका दिवसानं काय बिघडतंय?"

खरं सांगायचं तर सरदारांना ते पटायला लागलं होतं.

सगुणाबाईंनी विचारलं, "अहो, शत्रूच्या तटातून अशी माती गळताना दिसली असती, तर काय केलं असतंत?"

"तिथल्या तिथे हल्ला."

"उद्यावर ढकललं असतंत?"

सरदारांनी खाली पाहिलं. वाडीत भट्टीचा धूर निघत होता. अंगणात बाया ओली मडकी उन्हाला मांडत होत्या.

"फळ्या काढा!" ते गरजले. "तळाची पाणी सोडायची मोरी पूर्ण उघडा. तळं उतरवा!"

"आणि महाराजांना दाखवायचं काय?" कारभाऱ्याने विचारलं.

"चिखल," सरदार म्हणाले, आणि स्वतः वाडीकडे निघाले.

वाडीची म्होरकी होती तुळजा कुंभारीण. तिच्यासमोर सरदार हात जोडून उभे राहिले. "बाई, माझा बांध धोक्यात आहे. सांडवा मीच बुजवला, चूक माझी. सगळ्यांना घेऊन टेकडीवर चला."

तुळजा भडकली. "हौस तुमची, आणि घरं सोडायची आम्ही?"

"होय. वाटेल तेवढं रागवा. पण वर जाऊन रागवा!"

तुळजेने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि वाडीला हाक दिली. म्हातारीकोतारी, पोरं, शेरडं टेकडीवर गेली. मग धडधाकट माणसं आपली गाढवं घेऊन बांधाकडे वळली. सरदारांनी बोलावलं नव्हतं, तरी ती आली.

"धार कोंडू नका," सरदार सांगत होते. "तिच्यावर आधी वाळू, मग खडी, वर दगड. पाणी येऊ दे, माती आत राहिली पाहिजे."

ते काम दुसऱ्या दिवशीही चालूच होतं. अशात महाराजांची स्वारी आली. तळं पार उतरलं होतं, नावा चिखलात आडव्या पडल्या होत्या. दरबारी तोंडाला शेला लावून हसू लागले.

कमरेपर्यंत माखलेले सरदार पुढे झाले. "महाराज, तळं मी रिकामं केलं. आपला मान राखायला भरलेलं ठेवलं असतं, तर ही वाडी राहिली नसती."

महाराजांनी डोंगराकडे पाहिलं. परतीचा पाऊस काळाकुट्ट होऊन उतरत होता. त्यांनी अंगरखा उतरवला आणि दगडांची पाटी उचलली. मग दरबाऱ्यांना हसून कसं चालेल? रेशमी धोतरं खोचून तेही रांगेत उभे राहिले.

पाऊस कोसळला. ओढा फुगला, झाडं वाहून आणू लागला. तळं भराभर चढलं. सगळे बांधाच्या कडेला उभे राहून पाहत होते. पण आता त्या पाण्याला मावायला जागा होती. ते सांडव्यापर्यंत चढलं आणि मोकळ्या वाटेने गर्जत निघून गेलं. बांध जागचा हलला नाही.

पाऊस ओसरताच तुळजा पायथ्याशी उतरली. दगडांतून झिरपणारं पाणी तिने ओंजळीत घेतलं आणि हात उंच केले. "नितळ! नितळ आहे पाणी!"

जी आरोळी उठली, ती डोंगराने परत पाठवली. कुणी हलगी काढली. पावसात भिजलेले महाराज, सरदार आणि कुंभार एकमेकांना गळामिठी घालत नाचले. वाडीतलं एक मडकंही फुटलं नव्हतं.

पुढे रायाजींनी बांध खणून पक्का बांधून घेतला. सांडव्याला हात लावायचा अधिकार त्यांनी फक्त वाडीला दिला. महाराजांनी राज्यभर दवंडी पिटवली, की ज्याचं तळं त्याने दर पावसाळ्याआधी खालच्या वस्तीसोबत आपला बांध पायी फिरून पाहावा. आणि तळ्यात पुन्हा नावा सुटल्या, तेव्हा पहिल्या नावेत तुळजा बसली आणि वल्हं सरदारांनी मारलं.

म्हणून म्हणतात, जो पाणी अडवतो, त्याने खालच्या घरांची राखणही पत्करलेली असते.