तीन अहवाल आणि एक कडा

"तीन-तीन सरकारी अहवाल खोटं बोलतील का, बुवा?"

उदयनचा आवाज जरा चढलाच. आपला जाडजूड प्रबंध पुढ्यात ठेवून तो शाबासकी घ्यायला धरणाकाठच्या मठीत आला होता. आणि हे निरंजनबुवा, एके काळचे त्याचे इतिहासाचे प्राध्यापक, पाठ थोपटायची सोडून सुपारी कातरत बसले होते!

"काय म्हणतात अहवाल?"

"कुसरगाव लोकांनी स्वखुशीनं सोडलं. तिन्हींत तेच आहे. शब्दसुद्धा तेच."

"शब्दसुद्धा?"

"म्हणजे बघा, किती पक्कं!"

अडकित्ता थांबला.

कुसरगाव समोरच्या पाण्याच्या तळाशी होतं. बुवांचं घरही तिथंच होतं, हे उदयनला ठाऊक होतं. प्रबंधात त्यानं ते घातलं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या आठवणींना संशोधनात कोण विचारतो!

"सोमवारी गावकऱ्यांच्या जमिनीच्या दाव्याची सुनावणी आहे," बुवा म्हणाले. "सरकारी वकिलानं तुझा प्रबंध मागवलाय म्हणे."

"हो, उद्याच देतोय." उदयन खुलला. मेल्याला लाजही वाटली नाही.

"दुसरा अहवाल लिहिणाऱ्या समितीनं कोणाला विचारलं रे?"

"त्यांनी... पहिला अहवाल आधाराला घेतला."

"तिसरीनं?"

"दुसरा."

"आणि पहिलीनं?"

उदयन चाचरला. "विश्रामगृहावर बैठक झाली होती. अधिकाऱ्यांची."

"माझ्या बापाला चौघांनी उचलून ट्रकमध्ये घातलं. उंबरा सोडेना म्हातारा."

तरी उदयन म्हणालाच, "पण ते कुठं नोंदलेलं नाही ना, बुवा..."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले, काठाशी गेले आणि पलीकडच्या कड्याकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडले,

"स्वखुशीनं!"

कडा बोलला. त्यामागचा डोंगर बोलला. मग लांबून, खिंडीतून, आणखी एकदा.

"किती जण बोलले तिकडून?"

"बुवा, अहो..."

"मोज की. विद्वान ना तू?"

"...तीन."

बुवा परत आले. प्रबंध उचलून त्यांनी त्याच्या हातात दिला आणि त्याला काठाकडे वळवलं.

"आता तू ओरड."