मानाची टोपली

एका राज्यात माणसागणिक एक दिवा होता. दिवा तेवे तोवर माणूस जगे. तेल नव्हतं, वात नव्हती; दिवे चालत गुळावर. राजभट्टीत ढेप फुटे, ठिणग्या उडत, हमाल त्या टोपल्यांत झेलून पश्चिमद्वाराच्या पायऱ्यांवर ओतत. ठिणग्या खाली घरंगळत, त्यांच्या धक्क्यानं दीपचक्र फिरे आणि दिवे तेवत. तळाशी वारा त्यांना गिळे आणि स्वतः पाणी होऊन वाहून जाई. एका ढेपेवर तीस दिवे लागत. शेवटची टोपली मानाची. ती राजानं स्वहस्ते वाऱ्याला द्यायची.

राजा वज्रकेतू म्हणाला, "वारा राबतो कुठे? तळाशी तोंड वासून बसतो! त्याला मान कसला?"

मान बंद झाला. वाऱ्याचा मित्र धूमनाथ मांत्रिक, त्यानं शाप दिला: "मान नाही, तर द्वार नाही." द्वार मिटलं. पायऱ्यांवर ठिणग्या तुंबल्या. हमाल भरल्या टोपल्या घेऊन उभे. झेलायला रिकामी टोपली नाही, म्हणून ढेप फुटेना.

हमालांचा नाईक भारमल. त्याची बायको पहिल्याच दिवशी विझली. लेक सोनवेल हिची ज्योत मोहरीएवढी उरली.

"आणखी गूळ आणा!" राजा गरजला. गुळाचा डोंगर झाला, दिवा एक लागेना. पेठेत बसणाऱ्याला विचारा: कोठार तुडुंब असूनही धंदा बसतो, कारण माल न्यायला गाडी मोकळी नसते. पण राजाला सांगणार कोण?

धुराड्यावरची टिटवी बोलली, "नाईका, तीन कामं. टोपल्या रिकाम्या कर. निपजेल ते फेकू नकोस. मान देणाऱ्याला दारी ने."

भारमलनं ठिणग्या अर्ध्या फुटल्या गुळाच्या रसातच परत ओतल्या. रस आंबून गेला.

"नाईक, सोन्यासारखा गूळ नासवलात की हो!" एक हमाल ओरडला.

"टोपली मोकळी झाली ना? मग फोड पुढची ढेप."

तिसांच्या जागी दोन दिवे लागले. सोनवेल तगली, शेजारची तीन घरं विझली. आंबट वाफेनं नगराचे हातपाय जखडले. भारमल रस रांजणांत भरत राहिला. ढेपेला दोनच दिवे, त्यामुळे गुळाचा डोंगरही तिसऱ्या दिवशी सरला.

शेवटची भरली टोपली घेऊन तो राजापुढे गेला.

"राजा ओझं उचलत नाही," वज्रकेतू म्हणाला.

"मग राजा विझतो, महाराज. माझी लेकही. तिच्यासाठी मी तुमच्या पाया पडतो. तुम्ही वाऱ्याच्या पडा."

राजानं आपल्या थरथरत्या ज्योतीकडे पाहिलं. मग अनवाणी निघाला. टोपलीनं तळहात पोळले. दारी तो म्हणाला, "वायुराया, तू तळाशी बसतोस, म्हणून आम्ही वर तेवतो. चुकलो."

द्वार उघडलं. राजानं टोपली वाऱ्याला दिली. चक्र कुरकुरलं, फिरलं.

"आता रांजण," टिटवी म्हणाली.

आंबट रसातून ठिणग्या निघाल्या, रस पूर्ववत झाला, भट्टीत शेवटपर्यंत फुटला आणि उरलेले सारे दिवे उजळले. नासलं नव्हतं काही, राखलेलं होतं. विझले ते मात्र विझलेच.

मान पुन्हा चालू झाला. भारमलनं बायकोच्या काळ्या पणतीत दारातलं पाणी घेतलं, लेकीच्या ओठांना लावलं.

"बाबा, हे कोमट कसं?"

"आत्तापर्यंत हे पाणी वारा होतं, बाळा. पी."