तिकोनी शेंडी आणि मुकादमाचा विडा

एका गावात एक मुलगी होती, आणि त्या मुलीच्या अंगात एक अख्खं गाव होतं. हसू नका, तुमच्याही अंगात आहे.

त्या आतल्या गावाला कातडीची वेस होती, वाहते ओढे होते, आणि जांघेत एक चावडी होती. चावडीत बसायच्या फास विणणाऱ्या बायका. शिकलेली माणसं त्यांना बी-पेशी म्हणतात, आपण फासवाल्या म्हणू. गंमत अशी, की प्रत्येकीला जन्मापासून एकाच मापाचा फास येई. कुणाचा गोल टोपीच्या मापाचा, कुणाचा लांब नाकाच्या. त्या मापाचा चोर आला तर तिचं नशीब उघडलं, नाहीतर बसा जन्मभर माशा मारत.

आपल्या गोष्टीतल्या फासवालीचा फास होता तिकोनी शेंडीचा.

"अगं, तिकोनी शेंडीचा चोर कुणी बापजन्मी पाहिलाय का?" शेजारीण तिला रोज चिडवायची.

"आलाच तर?" फासवाली म्हणायची आणि गाठ पुन्हा घट्ट करायची. मनातून मात्र तिला फार वाईट वाटे. आपण उगाचच जन्माला आलो की काय, असं वाटे.

चावडीचा एक रिवाज होता. फास बसला म्हणून लगेच उठायचं नाही. मुकादमानं पानाचा विडा द्यायचा, मगच कामाला लागायचं. मुकादम म्हणजे टी-पेशी. तेही पुष्कळ होते, आणि प्रत्येकाला एकाच चोराच्या अंगरख्याचं कापड ओळखता येई. बरं, त्यांनाही मोकळीक नव्हतीच. वेशीवरच्या गस्तवाल्यानं चोराची चिंधी दाखवून वर विडा दिला, तरच त्यांनी हलायचं. जुनी माणसं सांगत, दुसऱ्या कुणाच्या अंगातल्या गावात हा रिवाज मोडला आणि फास घरच्याच माणसांच्या गळ्यात पडले. गुडघ्यात राबणारी साधी माणसं हकनाक गेली.

एके दिवशी मुलगी बोरं वेचायला अनवाणी गेली आणि टाचेत कचकन काटा रुतला. काट्याबरोबर चोर आत घुसले. बघता बघता त्यांचं नुसतं पेव फुटलं. मुलगी तापानं फणफणली. जत्रा तोंडावर आलेली, आणि ही आपली गोधडीत.

"आई, मला पाळण्यात बसायला मिळेल ना गं?" ती सारखी विचारायची. आई नुसती कपाळावरची पट्टी बदलायची.

इकडे टाचेकडून येणाऱ्या ओढ्यातून मारामारीतलं काहीबाही वाहत चावडीत आलं. त्यात होती एक शेंडी, आणि शेंडीला अडकलेली अंगरख्याची चिंधी. शेंडी आली ती थेट आपल्या फासवालीच्या फासात. तिकोनी!

"बसली! बसली गं बाई, अगदी मापात बसली!" फासवालीला नाचू की रडू असं झालं.

"मग बघतेस काय? सोड फास!" शेजारीण ओरडली. "पोर तापानं भाजतेय आणि तुला विडा हवाय होय!"

फासवालीचे हात शिवशिवले. जन्मभर जिची वाट पाहिली ती शेंडी समोर होती. पण तिला ती जुनी गोष्ट आठवली. ही शेंडी चोराचीच कशावरून? मला वाटतं म्हणून? तिनं फास तसाच आवळून धरला, चिंधी सोडवून घेतली आणि ती मुकादमांकडे निघाली.

"जा, बस त्यांच्या पाया पडत!" शेजारीण म्हणाली. तेवढ्यात तिच्याच फासात काहीतरी अडकलं. झालं! "चोर! चोर!" करत तिनं चावडी डोक्यावर घेतली आणि फास फेकायला निघाली. मुकादमांनी तिला अडवलं आणि ते खो-खो हसत सुटले. "बाई, हा आपल्या धोब्याचा रुमाल आहे! घरचाच!" तिला विडा कोण देणार? बिचारी परत येऊन कोपऱ्यात पेंगत बसली.

फासवाली मात्र एकेका मुकादमाला चिंधी दाखवत होती. "माझ्या ओळखीचं नाही." "माझ्याही नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

इतक्यात वेशीवरचा गस्तवाला धापा टाकत आला. अंगभर चिखल, हातात एक चिंधी. ती बघताच एक मुकादम, ज्याच्यापर्यंत फासवाली अजून पोचली नव्हती, ताडकन उठला. "हे कापड मी ओळखतो! पण विडा?"

"टाचेत नुसता धिंगाणा चाललाय, या डोळ्यांनी बघून आलोय. हा घ्या विडा!"

मुकादमानं विडा उचलला, तोंडात टाकला, आणि काय सांगू, एका मुकादमाचे धडाधड कितीतरी मुकादम झाले.

"दादा, हे जरा बघता का? माझ्या फासात आलंय," फासवाली हळूच म्हणाली.

मुकादमानं दोन्ही चिंध्या शेजारी शेजारी धरल्या. तोच रंग, तीच वीण. "अगं पोरी, इतके दिवस होतीस कुठं?"

"इथंच होते, दादा. वाटच बघत होते."

त्यानं तिच्या हातावर विडा ठेवला. मग काय विचारता! एकीच्या दोघी, दोघींच्या चौघी, चावडीत पाय ठेवायला जागा उरेना. बाहेर आईनं पोरीची जांघ चाचपली. "अगंबाई, अवधाण आलंय की!" तिला काय माहीत, ती गाठ म्हणजे आत दाटीवाटीनं गाणी म्हणत फास विणणाऱ्या बायका होत्या! ओढ्याओढ्यांतून तिकोनी फास सुटले. चोर शेंडीला धरून जखडले गेले, आणि खादाड पहारेकऱ्यांनी ते मटामट गिळले.

ताप उतरला. मुलगी जत्रेत पाळण्यात बसली आणि अशी किंचाळली, की चावडीपर्यंत ऐकू गेलं. फासवाली आयुष्यात पहिल्यांदा पोट धरून हसली.

पुढल्या वर्षी पुन्हा बोरं, पुन्हा अनवाणी पाय, पुन्हा काटा. ऐकतंय कोण! तेच चोर आत शिरले. समोर म्हाताऱ्या फासवाल्या आणि म्हातारे मुकादम हसत उभे. "या, या! तुमची शेंडी आम्ही विसरलो नाही हो!" मुलगी बोरं खात राहिली. तिला पत्ताही लागला नाही.

तात्पर्य: आपल्याला वाटलं म्हणून कुणी चोर ठरत नाही, आधी दुसऱ्याच्या डोळ्यांनीही बघावं, आणि एकदा विडा उचलला, की मग मात्र मागे हटू नये.