दोरीत नसलेली गाठ

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा पोथ्या हातानं उतरवून घेत, आणि एका पोथीला महिना महिना लागे.

एका राज्यात नदीकाठी मोठं विद्यापीठ होतं. तिथं वैद्यकी शिकवणारे एक आचार्य होते. शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यांच्या नावावर एकही पोथी नव्हती, आणि ते शल्य त्यांना सलत असे.

नदीपलीकडे रानात डोळ्यांची औषधं जाणणारी एक म्हातारी राहत होती. आयुष्यभराची पारख तिनं एका पोथीत लिहून ठेवली होती. आचार्य ती पोथी मागायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "ने बाबा. पोरांना वाचून दाखव, समजावून सांग, माझी ना नाही. पण उतरवून घेणार असशील तर आधी मला सांग. उतरवणाऱ्याच्या नावानं मी या दोरीला गाठ मारते."

खुंटीवरच्या दोरीला तीनच गाठी होत्या. आचार्य मनात हसले. म्हातारीला मानाची भारी हौस दिसते, असं त्यांना वाटलं.

परतल्यावर त्यांनी गुपचूप शिष्यांना पोथी उतरवायला बसवलं. एकानं भीत भीत विचारलं, "गुरुजी, आजींचं नाव कुठं लिहू?"

"त्या जागी माझं लिही," आचार्य म्हणाले. "रानातल्या बाईचं नाव वाचून कोण औषध घेणार आहे?"

शिष्य खाली मान घालून लिहू लागला.

मूळ पोथी म्हातारीला परत गेली. उतरवल्याचं आचार्यांनी सांगितलं नाही. राजसभेत त्यांच्या खांद्यावर शाल पडली. शिष्य पोथ्या घेऊन आपापल्या गावी गेले. त्या पोथ्यांवरून आणखी पोथ्या झाल्या.

पुढच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, आजींचं नाव कुठं लिहू म्हणून विचारणारा तोच शिष्य काठीनं वाट चाचपत आला. त्याच्या डोळ्यांत नुसता पांढरेपणा उरला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "औषध आधी स्वतःवर करून पाहावं, हे तुमचंच शिकवणं. मी पोथीतलं औषध डोळ्यांत घातलं, तेवढंच केलं. माझं काय चुकलं?"

आचार्य तडक नदीपार गेले आणि त्यांनी म्हातारीला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "चूक माझीच होती. त्या औषधात मी एका वेलीचा चीक लिहिलाय; पावसाळ्यात तो जहाल होतो, हे मला यंदा आषाढ लागताच कळलं. लगोलग दोरीतल्या तिघांनाही निरोप धाडले, की ती ओळ खोडून टाका."

"मग मला का नाही कळवलंस, आजी?"

म्हातारीनं खुंटीवरची दोरी काढून त्यांच्या हातात दिली.

"यात तुझी गाठ दाखव."

आचार्यांची बोटं दोरीवरून एकदा फिरली, पुन्हा फिरली. शेवटी त्यांनी दोरी खाली ठेवली.

परत येऊन त्यांनी शिष्याला विचारलं, "तू पोथी कुणाकुणाला दिलीस?"

"चौघांना, गुरुजी. त्यांनी पुढं कुणाला दिली, ते मला ठाऊक नाही."

आचार्यांनी शाल उतरवली आणि ते चालू लागले. उरलेलं आयुष्य ते ती एक ओळ खोडत गावोगाव फिरले. पण बहुतेक गावांत पोथी त्यांच्याआधी पोचलेली असे. दारात कोणीतरी आंधळं बसलेलं असे, आणि आत पोथीच्या पहिल्या पानावर आचार्यांचं नाव ठळक अक्षरांत असे.

तात्पर्य: ज्याचं ज्ञान त्याला न विचारता घेतलं आणि त्याचं नाव पुसलं, तर त्यातली चूक सुधारायला तो आपल्यापर्यंत पोचू शकत नाही.